मुळशीच्या शेतावरील दोन एटीव्ही आणि बदललेले कार्ब्युरेटर : दिवाळी ते श्रावण वापरानंतरचा अनुभव

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आमची शेती आहे. खताची पोती, रोपांचे ट्रे आणि पाइपांची वेटोळी बांधापर्यंत नेण्यासाठी तेथे आम्ही दोन लहान एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी मोटारसायकली, वापरतो. त्यांपैकी एक 110 सीसीची आणि दुसरी 125 सीसीची असून दोन्ही गाड्या खाजगी जागेतच चालतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास दोन्हींचे मूळ कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, काढले. 125 सीसीच्या गाडीला मिकुनी या जपानी कंपनीचा व्हीएम 22, म्हणजे 22 मिलिमीटर नळीचा, बसवला आणि 110 सीसीच्या गाडीला मूळ मापाचाच, पीझेड 19 प्रकारातला (19 मिलिमीटरचा) पण चांगल्या प्रतीचा, नवा घेतला. नवा कार्ब्युरेटर पहिल्या आठवड्यात सर्वांनाच आवडतो, म्हणून उन्हाळ्यातला फुफाटा आणि भातखाचरांतला चिखल दोन्ही सोसून झाल्यावरच हा अनुभव लिहीत आहे.

मोठा कार्ब्युरेटर म्हणजे जास्त दम, हा समज सर्वांत आधी तपासून घ्यायला हवा. 22 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर आम्ही काही दिवस 110 वरही लावून पाहिला. मोकळ्या सपाट वाटेवर गाडी खुलून पळत होती. परंतु मागे ओझे बांधून बांधाचा चढ चढू लागली की अॅक्सिलरेटर देताच ती क्षणभर गुदमरायची. कारण साधे आहे. लहान इंजिन कमी रेसवर थोडीच हवा ओढते. ती रुंद नळीतून गेली की तिचा वेग पडतो, आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल वर खेचणारी ओढ त्या वेगावरच अवलंबून असते. शेतातले काम तर जवळपास सगळे कमी रेसवरचेच असते. त्यामुळे 110 साठी 19 मिलिमीटरचाच कार्ब्युरेटर योग्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. 125 वर मात्र 22 चा फरक अर्ध्या अॅक्सिलरेटरपासून पुढे स्पष्ट जाणवतो आणि तो आजही टिकून आहे.

बसवताना खरा वेळ गेला तो जेट निवडण्यात. पेटीतून येणारे जेट आपल्या हवेचा आणि आपल्या पेट्रोलचा विचार करून घातलेले नसतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे; येथील हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ असल्यामुळे अलिबागच्या वाळूत नीट चालणारी गाडी येथे किंचित जास्त पेट्रोल ओढते. याच्या उलट परिणाम आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा (ई-20) होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. ई-20 ला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे त्याच जेटमधून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. उंचीने जे वाढते त्यापेक्षा इथेनॉलने जास्त घटते, आणि म्हणून दोन्ही गाड्यांना मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा मेन जेट (पूर्ण अॅक्सिलरेटरवर पेट्रोल पुरवणारा मुख्य जेट) घालावा लागला. पातळ मिश्रणावर इंजिन तापते. स्पार्क प्लग पांढरट दिसू लागला तर तिकडे दुर्लक्ष करू नये. फिकट तपकिरी रंग आला की मिश्रण जुळले असे समजावे.

जेटचे आकडे वाचतानाही सावध राहायला हवे. केईहीन या दुसऱ्या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवरचा आकडा त्यातून जाणारा प्रवाह सांगतो. त्यामुळे एका कार्ब्युरेटरचा आकडा दुसऱ्यासाठी मागून उपयोग नाही.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. अॅक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असताना पायलट जेट हा लहान जेट काम करतो, साधारण पाव ते पाऊण भागात नीडलचे, म्हणजे अॅक्सिलरेटरबरोबर वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईचे, राज्य असते आणि त्यापुढे मेन जेटचे. मध्यावर गाडी अडखळत असेल तर मेन जेट बदलत बसण्यात अर्थ नाही; नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उठते आणि पेट्रोल वाढते. व्हीएम 22 चा बाजूचा स्क्रू हवेचा असल्यामुळे तो आत घेतला की मिश्रण दाट होते. ज्या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तेथे तो पेट्रोलचा असतो आणि परिणाम नेमका उलटा होतो. अनेक गाड्यांचे रनिंग केवळ एवढ्या घोटाळ्यामुळे बिघडलेले असते.

मॅनिफोल्ड (इंजिनाकडे मिश्रण नेणारी नळी) आणि कार्ब्युरेटर यांमधला जोड हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. दोन बोल्ट जास्त आवळले की फ्लँज, म्हणजे कार्ब्युरेटरची बोल्ट बसणारी सपाट कड, वाकते, मधून फट राहते, तेथून हवा ओढली जाते आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी स्लो रेस स्थिर राहत नाही. नाना पेठेत ज्यांच्याकडून मी सुटे भाग घेतो, त्या काकांनी यावर एक पद्धत दाखवली. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यांनी फ्लँज आठच्या आकड्यासारखी हलक्या हाताने घासली. कडा लगेच चकाकल्या आणि मधला भाग मळकट राहिला, तेव्हा वाक किती होता ते डोळ्यांनी दिसले. सगळा पृष्ठभाग सारखा उजळेपर्यंत त्यांनी घासले आणि मगच नवी ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) घातली. जोडातून हवा शिरते का हे पाहायचे असल्यास सुरू इंजिनाच्या जोडावर स्प्रेच्या बाटलीतून थोडे पाणी मारावे. रेस बदलली तर गळती आहे. पेटणाऱ्या द्रवाचा स्प्रे तापल्या इंजिनाजवळ मारू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल ठरावीक उंचीवर रोखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी नवा कार्ब्युरेटर बसवतानाच पाहून घ्यावी. बाऊलच्या, म्हणजे तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, खालच्या ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती वर धरली आणि ड्रेनचा स्क्रू सैल केला की नळीतले पेट्रोल बाऊलमधल्या पातळीइतके चढते. ते गॅस्केटच्या रेषेच्या किंचित खाली थांबायला हवे. आमच्या 19 मिलिमीटरच्या नव्या कार्ब्युरेटरमध्ये ते वर चढत होते, म्हणून फ्लोटवरची पत्र्याची जीभ केसभर वाकवावी लागली. त्यानंतर उतारावर होणारा ओव्हरफ्लो पूर्ण थांबला.

देखभालीचा खरा प्रश्न पावसाळ्यात आला. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. बाऊल हा तर पेट्रोलच्या वाटेतला सगळ्यात खोल भाग. काही आठवडे उभी राहिलेली 110 सीसीची गाडी श्रावणात उघडली, तेव्हा बाऊलच्या तळाशी पांढरट भुकटी आणि पायलट जेटच्या पितळेवर हिरवट थर दिसला. छिद्र उजेडाकडे धरले असता आरपार काहीच दिसेना. अशा जेटमध्ये स्टीलची तार किंवा पिन कधीही घालू नये, कारण छिद्र रुंदावते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार, कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढ्याने काम होते. क्लीनरने रबर फुगते, म्हणून ओ-रिंग आणि इतर रबरी भाग त्याआधी काढून ठेवावेत. आता गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून ड्रेनमधून बाऊल रिकामा करायचा, हा नियम शेतावरच्या सर्वांनी अंगवळणी पाडून घेतला आहे आणि तेव्हापासून दोन्ही गाड्या वेळेवर सुरू होतात.

एअर फिल्टरबद्दलही सांगणे आवश्यक आहे. 22 च्या कार्ब्युरेटरबरोबर उघडा गोल फिल्टर मिळाला होता, तो आम्ही वापरला नाही. चिखलाचे शिंतोडे आणि चैत्रातला फुफाटा थेट अंगावर घेणारा फिल्टर शेतात टिकत नाही, शिवाय हवा मोकळी मिळाल्यामुळे जेटही पुन्हा बदलावे लागतात. फिल्टरची मूळ पेटी तशीच ठेवून तिच्या तोंडाला जुळणारी रबरी नळी नाना पेठेतूनच मिळवली. फोम केरोसीनमध्ये, नंतर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिळून बसवतो.

तक्रार एकच आहे आणि ती आधी मागवलेल्या एका स्वस्त नकलेची. तिच्यावर नाव मिकुनीचेच होते, परंतु तिची स्लाइड (अॅक्सिलरेटरबरोबर नळीत वरखाली होणारा दट्ट्या) सैल होती आणि फ्लोट वर आल्यावर पेट्रोल बंद करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हचे टोक सुरुवातीपासूनच नीट बसत नव्हते. दुकानात हातात घेता आला, तर वरचे झाकण काढून स्लाइड बाजूंना हलवून पाहावी, आणि फ्लोट बोटाने वर धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारावी. हवा आत जात असेल, तर तो कार्ब्युरेटर घेऊ नये.