चारही टायरवर एकच आठवडा

आधी रक्कम सांगतो. १,१४,४०० रुपये. चार जुने, कडक झालेले टायर मी नवीन म्हणून घेतले. वरून फिटिंग आणि बॅलन्सिंगचे ३,२००, क्रेनचे ११,५००, रिम सरळ करायचे १४,०००. एकूण १,४३,१००. दोन महिने घराबाहेर कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ओळखीच्यानं मला टायर विकणाऱ्या त्याच माणसाचा नंबर पाठवून "हा माणूस कसा आहे?" असं विचारलं, आणि मग मात्र राहवेना.

गाडी २०१४ ची पोर्शे केमन, सेकंडहँड. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर घेतलेली ही एकच हौस. "एवढी महाग गाडी घेता आणि टायरला पैसे नाहीत?" हे मला मेव्हण्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. पैसे होते हो. टायर नव्हते. पुढे २३५/४०, मागे २६५/४०, चारही १९ इंची, आणि बाजूवर पोर्शेच्या मान्यतेची 'एन' खूण हवी. पुढे-मागे वेगळा साइज असल्यामुळे टायर आलटून-पालटून लावता येत नाहीत, आणि मागचे आधी झिजतात. सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. एकानं सरळ सांगितलं, "मालक, हा साइज आमच्याकडं कधी आलाच नाही." जून २०२० मध्ये सरकारनं टायरची आयात 'फ्री'मधून काढून 'रिस्ट्रिक्टेड' केली, म्हणजे आणायला परवाना लागायला लागला, तेव्हापासून असले साइज वेळेवर मिळत नाहीत. हे खरं आहे, आणि नेमकं हेच खरं तो माणूस वापरतो.

पुण्यातल्या अधिकृत विक्रेत्यानं बिलासह १,५८,६०० सांगितले आणि सहा आठवडे थांबायला लावलं. मार्च २०२५ ची गोष्ट. जुन्या टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या, म्हणजे टायर बदलायच्या खुणेला टेकली होती. तेवढ्यात ऑनलाइन जाहिरातीतला हा भेटला. बोलणं गोड, माहिती पक्की. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९२ आणि ९८, स्पीड रेटिंग 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, हे त्यानंच मला आधी सांगितलं. ज्याला विषय कळतो तो फसवत नसेल असं मला वाटलं. पुढचे २४,५०० ला एक, मागचे ३१,००० ला एक, म्हणजे १,११,०००. "सर, बिल हवं असेल तर २८ टक्के वर पडतील." हा तेव्हाचा जीएसटी, ३१,०८० रुपये. मी म्हणालो, राहू दे.

इथं मला लोभी म्हणाल. म्हणा. पण बाजारात कच्च्या बिलावर माल कोण घेत नाही ते मला सांगा. बिलाशिवाय टायर घेऊ नका, वॉरंटीपण नाही आणि तक्रारपण नाही, हे आज मी सांगतोय. तेव्हा मला ३१,०८० वाचल्याचा आनंद झाला होता.

४०,००० ॲडव्हान्स, मग पॅकिंगचा व्हिडिओ बघून ७१,०००, दोन्ही यूपीआयनं. ३,४०० ट्रान्सपोर्टला रोख.

आता ज्या क्षणावरून माझी रात्रीची झोप उडते तो सांगतो. टायर गोदामात उतरले तेव्हा माझा नेहमीचा फिटर सोबत होता. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे तारखेचे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर २२२४. म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. मी खूश. फिटरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मालक, आकडे हाताला वेगळे लागतायत. आजूबाजूचं रबर गुळगुळीत आहे." मी त्याला म्हणालो, "तू ट्रकचे टायर बघतोस, हे वेगळे असतात." त्या पोराचं तोंड उतरलं आणि तो गप्प बसला. तीस वर्षांच्या पोराला जे बोटाला कळलं ते मला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

दिसायला सगळं समोर होतं. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या साइजचे, वेगळ्या साच्यातले. त्यांच्यावरचे कारखान्याचे कोडसुद्धा वेगळे होते. दोन वेगळ्या कारखान्यांतले टायर, आणि चारही नेमके एकाच आठवड्यात? असं कधी जुळेलही, पण चारही ठिकाणी आकड्यांचं वळण अगदी एकसारखं? साच्यात तारखेची पट्टी वेगळी बसवलेली असते, कारण ती दर आठवड्याला बदलावी लागते. त्यामुळे बऱ्याच नव्या टायरवर आकड्यांभोवती बारीक चौकट उमटलेली दिसते. इथं चौकट नव्हती, घासल्याचा खोलगट डाग होता आणि वर चकचकीत पॉलिश. जुनी तारीख घासून तापवलेल्या ठशानं नवी दाबली होती. आयएसआयची खूण नव्हती. त्याबद्दल विचारलं, तर "सर, हा दुबईचा लॉट आहे." भारतात विकायच्या कारच्या टायरवर ती खूण लागतेच. नसेल तर तिथूनच परत फिरा.

आणि जीएसटी नंबर! त्यानं पाठवलेल्या कोटेशनवर पत्ता मुंबईचा आणि नंबर २४ नं सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. मी दर महिन्याला रिटर्न भरतो, सुतावाल्यांचे नंबर मला पाठ आहेत. पोर्टलवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. नंतर टाकला, तर तो किराणा मालाच्या व्यापाऱ्याचा निघाला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचं ऊन, पुण्याला निघालो होतो. नव्या टायरवर जेमतेम सहाशे किलोमीटर झाले होते. मोहोळ, शेटफळ मागं पडलं आणि मोडनिंबच्या अलीकडे मागून थडथड ऐकू यायला लागली. वेग ९५. पाय काढेपर्यंत मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टा सुटून चाकाच्या कमानीवर आपटायला लागला. शेजारी बायको होती. गाडी कशीबशी डावीकडे घेतली. या गाडीत स्टेपनी नसते, गळती बुजवायचं औषध आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. फाटलेल्या टायरला त्याचा काय उपयोग? दीड तास उन्हात उभे होतो. ती तेव्हा एक शब्दही बोलली नाही.

टायर रिमवरून काढल्यावर आतल्या बाजूला केसासारख्या भेगा सापडल्या. नक्षीची खोली मात्र नव्यासारखी. म्हणजे वापरलेले नव्हते, वर्षानुवर्षं कुठंतरी पडून वाळलेले होते. खोली मोजून समाधान मानू नका. फिटिंगआधी आतून बॅटरी मारून बघा आणि फिटर काय म्हणतो ते ऐका.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गाडीची किंमत विचारली, मग ॲव्हरेज विचारलं, मग म्हणाले, "हा दिवाणी व्यवहार आहे, माल मिळाला ना तुम्हाला?" माल मिळाला! तारीख खोडून विकलेला माल मिळाला, बायकोसकट हायवेवर मेलो असतो, आणि हा दिवाणी व्यवहार? तिसऱ्या दिवशी सांगितलं, आरोपी मुंबईचा, तिकडे तक्रार करा. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते हेही छापून नेलं. कागद टेबलावरच राहिला. "तुम्ही वकील आहात का?" असं विचारलं. शेवटी वरिष्ठांना रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली. पोचपावती आली, उत्तर नाही. फाटका टायर ताब्यात घ्या म्हणून मी हात जोडले, तर "ठेवायला जागा नाही" म्हणाले.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं : व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलात. पैसे जाताना फसवणूक लक्षात आली तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला कळायलाच पाच आठवडे लागले, तोवर खातं रिकामं. विमावाल्यांनी सांगितलं, नुसता टायर गेला तर भरपाई नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे निम्मे. रिम वाकलं होतं, कमानीचं अस्तर फाटलं होतं, तरी टायरचं बिल मागितलं. बिल कुठून आणू? ग्राहक आयोगाकडे राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, दोन वर्षांची मुदत असते. पण नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची? त्या पत्त्यावर माझा भाचा जाऊन आला, तिथं शाळेची कंपाउंड भिंत आहे.

नवे टायर शेवटी पुण्यातूनच आणले. १,६१,२०० रुपये, बिलासह. या वेळी तारखा वेगवेगळ्या आहेत, पुढचे १४ व्या आठवड्यातले, मागचे ३१ व्या. फिटरला घरी बोलावून माफी मागितली आणि आधी त्याला अंगठा फिरवायला लावला.

जुने तीन आणि फाटलेला एक, असे चारही गोदामात झाकून ठेवलेत. घासलेली तारीख कशी लागते ते हातानं बघायचं असेल तर सोलापुरातल्या कुणीही यावं. आणि त्या माणसाची जाहिरात परवा पुन्हा दिसली. नाव बदललंय, नंबर तोच. पुढचा २३,०००, मागचा २९,५००. फोटोत टायरमागे तीच निळी भिंत आहे.