आयसीयूतली नर्स प्रॅक्टिशनर की उपकेंद्रातली सीएचओ? आधी सहीचं विचारा

कुडाळ-सावंतवाडीकडच्या मुली बी.एस्सी. नर्सिंग करून ‘पुढे काय?’ म्हणतात तेव्हा घरचे पगाराचं बोलतात. मी विचारते, अडल्या वेळी औषधाच्या ऑर्डरवर सही कोण करणार?

क्रिटिकल केअरमधला, म्हणजे आयसीयूतल्या गंभीर रुग्णांसाठीचा, नर्स प्रॅक्टिशनर हा भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. आधी किमान वर्षभराचा अनुभव हवा. शिकण्याचा मोठा भाग वर्गात नाही, रुग्णाच्या खाटेशी. औषधं मात्र हॉस्पिटलच्या लेखी स्टँडिंग ऑर्डरप्रमाणेच, म्हणजे कुठल्या वेळी काय द्यायचं हे आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे. तातडीत डॉक्टरांशी बोलून औषध द्यायचं आणि मागाहून लेखी ऑर्डर घ्यायची. म्हणजे तुमचा अधिकार डिग्रीत कमी, हॉस्पिटलच्या फायलीत जास्त. ती फाइलच नसेल तर दोन वर्षं घासूनही तुम्ही स्टाफ नर्सच. शिवाय आपल्याकडची गंभीर केस गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जाते. असं काम हवं तर घर सोडायची तयारी ठेवा.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा, म्हणजे सीएचओचा, कोर्स सहा महिन्यांचा. काम कंत्राटी, राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं. बीपी-शुगरचं पहिलं औषध डॉक्टर लिहिणार, पुढच्या गोळ्या तुम्ही देणार. अडलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, नाहीतर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरचे डॉक्टर.

कागदावर हे चोख आहे. पण जुलैतल्या रात्री लाइट नाही, रेंज नाही, आणि कोणी घामाने भिजलेलं, विंचू चावलेलं पोर घेऊन आलं तर? महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांमुळे विंचूदंशावरचं प्राझोसिन हे औषध सगळ्यांना ठाऊक झालं, पण त्या क्षणी ‘द्या’ म्हणणारा आवाज फोनपलीकडे अडकलेला असतो. आयसीयूत तो आवाज शेजारच्या खाटेपाशी उभ्या डॉक्टरांचा असतो. नव्या मुलीला हा फरक पगारातल्या फरकापेक्षा जड जातो. अनुभवी सिस्टरला मात्र उपकेंद्रातली मोकळीक आवडते. आशाताई सोबत असतात, वाडीतलं प्रत्येक घर ओळखीचं होतं.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी नर्सला दोन्हीकडे लागतेच, तिथे निवडीचा प्रश्न नाही.

वॉर्डात दोन वर्षंही झाली नसतील तर मी आयसीयूकडे ढकलेन. प्रवेशाआधी त्या हॉस्पिटलात स्टँडिंग ऑर्डरची फाइल दाखवा म्हणा, आणि नेमणूकपत्रावर पदाचं नाव काय येणार तेही विचारा. उपकेंद्र घेणार असाल तर पावसाळ्यात एकदा तिथे जाऊन मोबाइलला रेंज येते का बघा.