एका शुल्कात चार योगपद्धती : जळगावातील एका योगवर्गाविषयी

अय्यंगार पद्धत, अष्टांग विन्यास, पारंपरिक हठयोग आणि योगनिद्रा असे सारे एकाच मासिक शुल्कात शिकवणारा एक खासगी योगवर्ग जळगावात चालतो. वारांप्रमाणे पद्धत बदलते. गेल्या हिवाळ्यापासून तेथे जात असल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, यांतील दोन पद्धती तेथे फार चांगल्या शिकवल्या जातात आणि एक नवशिक्याने तेथे शिकू नये.

सर्वांत मोलाचे आहेत ते अय्यंगार पद्धतीचे वार. १९३७ पासून पुण्यात शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांनी शरीराच्या मांडणीतील अचूकतेवर भर दिला आणि ज्यांचे शरीर आखडले आहे त्यांनाही आसन साधावे म्हणून दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड आणि खुर्च्या यांचा वापर रूढ केला. हे सर्व साहित्य येथे पुरेसे आहे, आणि ते केव्हा काढून घ्यायचे हेही शिक्षिकेला कळते. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी बहुतेक जण कंबर वाकडी करतात; हाताखाली ठोकळा आला की पाठीचा कणा लांब राहतो, छाती उघडते आणि मांडीच्या मागचा ताण नेमका जाणवतो. सराफ बाजारात दिवसभर गादीवर बसणारी मंडळी या तुकडीत बरीच आहेत. पाठ आणि गुडघे धरलेल्या अशा माणसांना, तसेच साठीपुढच्यांना, मी हीच पद्धत सुचवीन. तिचा लाभ सावकाश दिसतो, आणि एका आसनात दीर्घकाळ थांबण्याचा कंटाळा येणाऱ्यांना ती रुचणार नाही.

अष्टांग विन्यासाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिचे प्रवर्तक के. पट्टाभी जोइस हे अय्यंगारांप्रमाणेच मैसूरच्या कृष्णमाचार्यांचे शिष्य होते, तरी दोघांच्या वर्गांत साम्य थोडेच दिसते. येथे आसनांचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येक हालचाल श्वासाला जोडलेली असते आणि चतुरंग दंडासन, म्हणजे कोपरे वाकवून ताठ शरीर तळहात आणि पायाच्या बोटांवर तोलण्याचे आसन, पुन्हा पुन्हा येते. तरुण, निरोगी शरीराला त्यातून ताकद, दम आणि लवचीकपणा मिळतो, यात शंका नाही. मैसूरच्या रीतीत प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे जातो आणि आधीचे आसन पक्के झाल्यावरच शिक्षक पुढचे देतात. या वर्गात मात्र जुने-नवे सर्वांना एकत्र, एका तालावर नेले जाते. परिणामी नव्यांचे खांदे आणि मनगटे दुखावतात, आणि दुखणे सांगितले की ‘सवय होईल’ असे उत्तर मिळते. माझ्या मते हा या वर्गाचा सर्वांत गंभीर दोष आहे.

हठयोगाचा तास साधा, पण नेटका असतो. आसनांपाठोपाठ नाडीशोधन आणि भ्रामरी हे प्राणायाम घेतात; उच्च रक्तदाब, हर्निया असणाऱ्यांना आणि गर्भवतींना कपालभाती करू देत नाहीत, ही दक्षता मला विशेष वाटली. खानदेशाला या चिकित्सक वृत्तीचा वारसाही आहे. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन करीत होते. योगनिद्रा मात्र ध्वनिमुद्रणावर उरकली जाते. दिवसभराच्या कामानंतर पडून राहण्याचे सुख मिळते, एवढेच.

आणखी एक पद्धत ‘लवकरच’ सुरू होणार असल्याची पाटी दाराशी लावली आहे. सुमारे चाळीस अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत ठरलेली सव्वीस आसने आणि दोन श्वसनक्रिया करण्याची ही पद्धत आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहणाऱ्या शहरात तिची हौस कोणाला असेल, हे चालकांनाच ठाऊक.

प्रवेश घ्यायचा असल्यास पहाटेची तुकडी घ्यावी. सभागृहावर पत्रे आहेत. मार्चपासून संध्याकाळी कूलर चालू असूनही आत बसवत नाही आणि त्याच्या आवाजात मागच्या रांगेला सूचना ऐकू येत नाहीत. शुल्क तीन महिन्यांचे आगाऊ घेतात व मध्येच सोडल्यास परत करीत नाहीत, म्हणून आधी एक अय्यंगार पद्धतीचा आणि एक विन्यासाचा असे दोन्ही तास बसून पाहण्याची परवानगी मागावी. ती मिळते.