वादकाचं पोर्ट्रेट: मैफलीत टिपायचं की रियाजाच्या खोलीत?

शास्त्रीय संगीतातल्या कलाकाराचं पोर्ट्रेट करायचंय, कॅमेरा हातात येऊन वर्ष-दोन वर्षं झालीत, आणि आता सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आहे. वाटा दोन. मैफलीत जाऊन बसायचं आणि समोर येईल ते टिपायचं. किंवा कलाकाराची वेळ मागून घ्यायची आणि त्याच्या घरी, तो रोज जिथे बसतो तिथे फोटो काढायचे. मी दोन्ही बरीच वर्षं केलंय आणि माझा कौल आधीच सांगून टाकतो: शिकायचं असेल तर आधी खोलीत जा.

मैफलीची मोठी ताकद म्हणजे कलाकाराला तुमच्याकडे बघायला सवड नसते. द्रुत बंदिशीत तबल्याशी नजरानजर होते, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना मान हलते, श्रोत्यांतून दाद आली की डोळ्यांत चमक येते. यातलं काहीही सांगून करवून घेता येत नाही. पण त्या एका क्षणासाठी बाकी सगळं सोसावं लागतं. तोंडासमोर माईक, मागे प्रायोजकांच्या नावांचा फ्लेक्स, जांभळ्या एलईडी दिव्यांत विटलेला त्वचेचा रंग. मंचासमोर खाली बसून फोटो काढला तर माईकचा दांडा हनुवटीवर येतो आणि नाकपुड्याच दिसतात. बाजूला सरकलं तर साथीदार आड येतो. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी श्रोत्यांच्या जागेवरून चेहरा गाठायचा तर लांब पल्ल्याची, जड आणि महाग लेन्स लागते. शिकणाऱ्याने तिथे गाणंच ऐकावं, आणि कॅमेरा न्यायचाच तर पन्नास-साठ माणसांच्या घरगुती बैठकीला न्यावा, यजमानांना आणि कलाकाराला विचारून.

तिथे लेन्सचं छिद्र साधारण एफ/२.८ (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ३२०० ते ६४०० आणि शटर गायकासाठी १/१२५ सेकंद पुरतो. तबलजीचे हात स्पष्ट हवे असतील तर १/५०० च्या आसपास जावं लागतं. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि दिवे एलईडीचे असले तर चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात, म्हणून पहिले दोन फोटो तिथेच मोठे करून बघा. फ्लॅश पिशवीतच राहू दे. आणि आलापी चालू असताना यांत्रिक शटर वाजवू नका. गायक षड्जावर स्थिरावत असताना खट्‌कन आवाज झाला, तर त्या फोटोची किंमत सगळ्या श्रोत्यांनी मोजलेली असते.

खोलीत उलटं होतं. उजेड तुमच्या हातात येतो, पण कलाकार सावध होतो. कलाकार खिडकीला काटकोनात बसलेला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा: एवढ्यात चेहऱ्याला गोलाई येते. ५० एमएमची साधी लेन्स असली तर सतारीसकट वादक दोन-सव्वादोन मीटरवरून चौकटीत मावतो. ८५ एमएमने चेहरा सुंदर येतो, पण तेवढंच चित्र घ्यायला साडेतीन-पावणेचार मीटर मागे जावं लागतं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ते जमत नाही. म्हणून लोक २४ किंवा २८ एमएम लावून जवळ जातात. मग सतारीचा भोपळा वादकाच्या डोक्यापेक्षा मोठा दिसतो. एफ/१.८ चाही मोह आवरा. डोळा स्पष्ट आणि बोटं धूसर, हे कुणाही माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये चालतं, वादकाच्या नाही. एफ/४ वर या.

खरी अडचण आविर्भावाची. "जरा वाजवल्यासारखं करा" असं म्हटलं की हात खोटे पडतात. त्यापेक्षा खरंच वाजवायला सांगा, आणि त्याच्याही आधी, गवसणी काढून वाद्य लावायला घेतलं की कॅमेरा उचला. तंबोरा लावताना गायक कान तारांकडे नेतो, डोळे कुठेच नसतात, अख्खा चेहरा ऐकत असतो. माझ्याकडचे निम्म्याहून अधिक चांगले फोटो या पाच-सात मिनिटांतले आहेत. मैफलीतही वाद्यं जुळवली जातात, पण तिथे तेवढ्यात निवेदक बोलत असतो आणि हारतुरे चाललेले असतात.

तरी माझा कौल खोलीच्या बाजूने पडतो तो उजेडामुळेही नाही, तंबोऱ्यामुळेही नाही. मैफल परत होत नाही. तिथे झालेली चूक कुणी दाखवून दिली तरी ती दुरुस्त करायला तोच कलाकार, तोच राग, तोच दिवा मिळत नाही. खोलीत मात्र पंधरा दिवसांनी पुन्हा जाता येतं.

आणि चूक दाखवणारं कुणीतरी लागतंच. कुणाकडून दाखवून घ्यायची हा दुसरा निर्णय पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे मला एका तबलावादकाने शिकवलं. त्यांचा खिडकीजवळचा एक फोटो मी फोटोग्राफर मित्रांना दाखवला होता. उजेडाचं कौतुक झालं. एकाने सुचवलं, नजर डावीकडे जातेय, ती उजवीकडे गेली तर चित्र मोकळं वाटेल, आडवं उलटवून बघ. मी उलटवलं, खरंच छान दिसलं, आणि प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला. "अहो, डग्गा उजव्या हाताला गेलाय," म्हणाले. मग प्रिंट थोडा लांब धरून, "आणि ही बोटं बघा. शाईवर, या काळ्या गोलावर, नुसती टेकवून ठेवलीयत. वाजवताना ती अशी पडून राहत नाहीत." डग्गा डाव्या हाताला असतो; ती पहिली चूक उलटवल्यामुळे झाली होती, घरी जाऊन निस्तरता आली. दुसरी फोटो काढतानाच झाली होती. माझ्या मित्रांपैकी कुणालाही ती दिसली नव्हती, आणि मलाही नाही.

त्यानंतर मी दोन्हीकडे जातो, पण वेगवेगळे प्रश्न घेऊन. उजेड, चौकट, मागची गर्दी, कुठे कापायचं, हे फोटोग्राफरला विचारावं. हात खरा आहे का, बैठक बरोबर आहे का, हा चेहरा समेच्या आधीचा की नंतरचा, हे त्या वाद्याच्या माणसाला. फोटोग्राफर "चौकट डोळ्यांवर घट्ट धर, हात कापले तरी चालतील" म्हणाला आणि सतारिया म्हणाला की मिजराबीचा (तार छेडायच्या नखीचा) हात कापला तर उरलं काय, तर मी सतारियाचं ऐकतो. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे वाद घालू नका. आणि कलाकार म्हणाला, "यात मी म्हातारा दिसतो", तर ती चित्राची चिकित्सा नव्हे, पण तो फोटो बाहेर द्यायचा नाही एवढा त्याचा हक्क आहे. तो पाळा आणि फोटो स्वतःच्या अभ्यासाला ठेवा.

दाखवताना निवडलेला एकच फोटो नेऊ नका, वीस-पंचवीसची अख्खी मालिका न्या. पण कुणी नाकारलं म्हणून फोटो टाकून देऊ नका. फोटोग्राफर अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कींचं पोर्ट्रेट केलं: कोपऱ्यात कोपर टेकलेला माणूस आणि बाकी सगळ्या चौकटीत पियानोचं उघडलेलं काळं झाकण. मूळ फोटो बराच रुंद होता, न्यूमन यांनी तो कापून घट्ट केला. ज्या मासिकाने काम दिलं होतं त्याने तो नाकारला, आणि आज न्यूमन म्हटलं की आधी तोच आठवतो. दुसरे पोर्ट्रेटकार यूसुफ कार्श यांनी १९५४ मध्ये चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचा फोटो चक्क पाठीमागून घेतला. ओकीबोकी भिंत, उंचावर एक खिडकी, खाली वाजवणारी पाठ. चेहरा नाही म्हणून कुठल्याही चिकित्सेच्या बैठकीत हा फोटो सहज बाद झाला असता. म्हणून कुणी "हा चुकला" म्हटलं की मी विचारतो, कशामुळे? उत्तरात उजेड, हात, चौकट असं बोट ठेवता येईल असं काही आलं तर वहीत लिहितो. नुसतं "जमलं नाही" असेल तर महिनाभर थांबून फोटो स्वतःच पुन्हा बघतो.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी दोन्ही वाटा पुढे एक होतात. फोटोग्राफर दयानिता सिंग यांनी विद्यार्थिदशेत तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासोबत लागोपाठ हिवाळ्यांत प्रवास केला आणि १९८६ मध्ये त्यातून त्यांचं पहिलं पुस्तक आलं. मंचही त्यात आला आणि मंचाबाहेरचे तासही. तुम्हाला एवढं जमणार नसेल तर एकाच कलाकाराकडे तीनदा जा. पहिल्या भेटीत खोलीत फोटो. दुसऱ्या भेटीला त्याचे सहा-बाय-आठचे प्रिंट घेऊन जा, ते जमिनीवर मांडा आणि कलाकार कुठला उचलतो, कुठला बाजूला सारतो ते न बोलता बघा. मग खिडकी तीच ठेवून पुन्हा काढा. तिसऱ्यांदा त्यांच्या बैठकीला जा. तोवर मान कधी हलणार हे तुम्हाला आधी कळायला लागलेलं असतं, आणि तुम्ही तिथे आहात हे त्यांच्या लक्षातही राहत नाही.