लोहाओळीतली ऐरण: काटा म्हणतो ८७, ऐरण म्हणते ८२

तीन तारे देतोय. माल पाच ताऱ्यांचा आणि काटा एका ताऱ्याचा. काट्यामुळेच दुकानाचं नाव घेत नाही. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीच्या मागच्या गल्लीत जुन्या लोखंडाची चारपाच दुकानं आहेत, त्यातलं हे एक.

भाच्याला सुऱ्या-कोयते घडवायचा नाद लागलाय आणि पठ्ठ्या रुळाच्या तुकड्यावर ठोकून राहिला होता. मी आयटीआयमध्ये ३१ वर्षं लोहारकाम शिकवलं, त्यामुळे "मामाजी, ऐरण तुम्हीच पाहून द्या" हे ओघानं आलंच. मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. असो.

दुकानात तीन ऐरणी होत्या. सगळ्यात पुढे काळ्या ऑइलपेंटनं चकाचक केलेली. मालक म्हणाला, "रेल्वेची हाये साहेब, मोतीबागची. इंग्रजायच्या जमान्यातली." नागपुरात कुठलंही जड लोखंड मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपचंच असतं, त्यात नवल नाही. पण हिच्या अंगावर मधोमध साच्याची शिवण दिसत होती. मी खिशातला बेअरिंगचा छर्रा काढून दहा इंचांवरून माथ्यावर, म्हणजे ठोकायच्या वरच्या बाजूवर, सोडला. माथा चांगला असेल तर छर्रा उंच उसळतो. तो जेमतेम दोन इंच उडाला आणि आवाज आला थप्प. नुसतं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वरून पेंट. कुंड्या ठेवायला चांगली. दुसरीचं शिंगच तुटलेलं.

तिसरी कोपऱ्यात, साखळ्यांच्या ढिगाखाली. हिची गोष्ट वेगळी. छर्रा मध्यावर साडेसात-आठ इंच परत आला, शेपटाकडे, म्हणजे शिंगाच्या उलट टोकाला, सहा. हातोडीनं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. कमरेत पुढून-मागून एकेक चौकोनी भोक होतं. मालकाला वाटलं हा दोष आहे, म्हणे वेल्डिंगनं भरून देतो. अहो, ती भोकं म्हणजे तर तिची जन्मखूण! घडीव लोखंडाचा तो अवजड गोळा भट्टीतून काढून घणाखाली फिरवायचा, तर त्याला दांडा अडकवायला जागा नको? तो "माथा ग्राइंडरनं आरसा करून देतो" असंही म्हणाला. तेही करू देऊ नका. माथ्यावर पोलादाची पट्टी जेमतेम अर्ध्या इंचाची असते. ती घासली की खालचं मऊ लोखंडच उरतं.

मग तारेचा ब्रश मारला, कुशीवर पांढरा खडू आडवा घासला आणि मोबाईलची टॉर्च तिरपी धरली. सरळ उजेडात काही दिसत नाही, तिरप्यात अक्षरं उठतात. 'पीटर राइट पेटंट', खाली गोलात 'सॉलिड रॉट' (अखंड घडीव), आणि अगदी पुसट 'इंग्लंड'. म्हणजे इंग्लंडातल्या डडलीच्या पीटर राइट कंपनीची. पायांवरच्या सपाट पायऱ्याही या कंपनीच्या ऐरणींना असतात. आता वय. शेपटाकडे चौकोनी भोकाशेजारी लहान गोल भोक आहे. ते साधारण १८३० च्या आधीच्या ऐरणींना नसतं. आणि अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर इंग्रज कारखानदार 'इंग्लंड' ठोकू लागले. तेव्हा १८९० च्या पुढची धरा. बी.एन.आर.चा, म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा, शिक्का कुठेच नाही, त्यामुळे मोतीबागची कथा मी मालकापाशीच ठेवली.

कंपनीच्या नावाखाली तीन आकडे होते: १ · २ · १४. मालकाला वाटलं मॉडेल नंबर. हे जुनं इंग्रजी वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, २८ पौंडांचे दोन, म्हणजे ५६. तिसरे सुटे पौंड, १४. एकूण १८२ पौंड, म्हणजे साडेब्याऐंशी किलो.

दुकानाच्या काट्यावर आली ८७.

ऐरण झिजते, टवके उडतात (हिचा एक कोपरा गेलेलाच आहे), पण शंभर वर्षांत साडेचार किलो वाढल्याचं मी तरी पाहिलं नाही. भाव ९० रुपये किलो. मी खडूनं जमिनीवर बेरीज मांडली. मालक बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला, मग पोऱ्याला म्हणाला, "साहेबाले चहा सांग." ८२ चे पैसे घेतले, ७३८०. काट्याबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. वर चढवायला दोन पोरं दिली, त्याचे वेगळे घेतले नाहीत.

अशा घडीव ऐरणीला या भावात नावं ठेवायला जागा नाही. भाच्यानं बाभळीच्या ओंडक्यावर बसवली आहे. आवाजानं शेजारी वैतागले, म्हणून कमरेला साखळी गुंडाळलीय. घंटेचा नाद बराच दबतो.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. छर्रा आणि खडू घरून न्या. काळ्या पेंटवाली अजून तिथेच आहे, आता तिचा भाव ११० सांगून राहिला आहे.