हार्ट्स ऑफ आयर्न ४: सराव किती करवायचा आणि फौज मागे कधी घ्यायची

हार्ट्स ऑफ आयर्न ४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणकीय खेळात ‘विश्रांती’ नावाचं एकही बटण नाही. सरावाचं बटण आहे, हल्ल्याचं आहे, नकाशावर रेघा ओढायची डझनभर साधनं आहेत, पण थकलेल्या डिव्हिजनला (सैन्याच्या तुकडीला) दम खाऊ द्यायचा तर तो बंदोबस्त खेळाडूलाच करावा लागतो. हा खेळ जून २०१६ मध्ये आला. तेव्हापासून त्यात इंधन आलं, रेल्वे आली, पुरवठ्याची सगळी व्यवस्था बदलली. ही उणीव मात्र तशीच आहे. काही महिने सलग खेळल्यावर लक्षात येतं की १९४१ साली आघाडी कोसळते त्याचं कारण बहुतेक वेळा टेम्प्लेटमध्ये, म्हणजे डिव्हिजनच्या रचनेच्या आराखड्यात, नसतं. सराव आणि विश्रांती यांचा हिशेब चुकलेला असतो.

नव्या खेळाडूंचा सगळ्यात मोठा गोंधळ दोन पट्ट्यांचा. प्रत्येक डिव्हिजनच्या चिन्हावर दोन पट्ट्या दिसतात. हिरवी ऑर्गनायझेशनची (लढाईत टिकून राहायचा दम), म्हणजे सगळे म्हणतात ती ‘ऑर्ग’, आणि दुसरी स्ट्रेंग्थची (माणसं आणि शस्त्रं किती शिल्लक). ऑर्ग शून्यावर आली की डिव्हिजन लढाई सोडून मागे हटते, मग माणसं आणि बंदुका कितीही शिल्लक असोत. ही पट्टी आपोआप भरते. लढाई नको, चाल नको आणि पुरवठा नीट हवा, एवढ्याच तिच्या अटी. स्ट्रेंग्थची पट्टी नुसतं उभं राहून भरत नाही. तिला कोठारातून रायफली, तोफा आणि भरतीतून माणसं लागतात. म्हणून डिव्हिजन मागे घेण्याआधी कोणती पट्टी उतरली आहे ते बघावं. ऑर्ग उतरली असेल तर काही दिवस शांत जागा पुरते. स्ट्रेंग्थ उतरली असेल आणि लॉजिस्टिक्सच्या पानावर रायफली लाल आकड्यात असतील, तर त्या डिव्हिजनला महिनाभर मागे ठेवूनही फरक पडणार नाही. तिथे कारखाने वाढवावे लागतात.

कोणती डिव्हिजन किती लवकर दमणार हे टेम्प्लेट बनवतानाच ठरतं. पायदळाच्या बटालियनची मूळ ऑर्ग ६०, मोटराइज्डची (ट्रकवरच्या पायदळाची) ६०, रणगाड्यांची १० आणि तोफखान्याच्या बटालियनची शून्य. डिव्हिजनची ऑर्ग म्हणजे या सगळ्यांची सरासरी. नऊ पायदळ आणि एक तोफखाना घेतला तर ५४. सात पायदळ आणि दोन तोफखाने घेतले तर ४७ च्या आत. सहा रणगाडे आणि चार मोटराइज्ड घेतले तर ३०. संशोधन आणि डॉक्ट्रिनमुळे (निवडलेल्या युद्धपद्धतीमुळे) पुढे यात भर पडते, आणि सपोर्ट कंपन्याही (जोडीला दिलेल्या छोट्या मदतनीस तुकड्या) सरासरीत धरल्या जातात, पण प्रमाण साधारण हेच राहतं. नुसत्या रणगाड्यांची डिव्हिजन कागदावर भयंकर दिसते आणि दोन दिवसांत लढाई सोडते, त्याचं कारण हे १० आहेत. रणगाड्यांच्या डिव्हिजनची ऑर्ग ३० च्या खाली जाऊ देऊ नये. त्यापेक्षा कमी ऑर्गच्या डिव्हिजनला विश्रांती इतकी वारंवार द्यावी लागते की ती आघाडीवर असण्यापेक्षा वाटेतच जास्त असते.

आता सराव. अनुभवाच्या पाच पायऱ्या आहेत: ग्रीन, ट्रेन्ड, रेग्युलर, सीझन्ड आणि व्हेटरन. ग्रीन डिव्हिजन लढाईत २५ टक्के कमी पडते, ट्रेन्डला ना फायदा ना तोटा, रेग्युलरला २५ टक्के जास्त, सीझन्डला ५० आणि व्हेटरनला ७५. भरतीच्या पानावर प्रशिक्षण २० टक्के झालं की डिव्हिजन मैदानात उतरवायचं बटण उघडतं. हे बटण शत्रू राजधानीच्या वेशीवर आला तर वापरायचं. एरवी १०० टक्के होऊ द्यावं, म्हणजे डिव्हिजन ट्रेन्ड होऊन बाहेर पडते. घाईने उतरवलेली ग्रीन आणि पूर्ण शिकून आलेली ट्रेन्ड यांच्यातला फरक पहिल्याच लढाईत दिसतो.

पुढची पायरी आर्मीच्या (एका जनरलखालच्या डिव्हिजनांच्या गटाच्या) पट्टीवरच्या एक्सरसाइज बटणाने चढता येते, पण फक्त रेग्युलरपर्यंत. त्यापुढचं शिक्षण खऱ्या लढाईतच मिळतं. डिव्हिजन रेग्युलर झाल्यावरही बटण चालूच राहिलं तर तिला नवं काही मिळत नाही, झीज मात्र रोज होत राहते. आणि झीज म्हणजे खरोखरची झीज: रायफली तुटतात, तोफा निकामी होतात, रणगाडे बंद पडतात, आणि त्यांच्या जागी कोठारातून नवे जातात. पायदळाच्या एका बटालियनला १०० रायफली लागतात. नऊ बटालियनची एक डिव्हिजन, अशा २४ डिव्हिजन एका जनरलखाली, म्हणजे २१,६०० रायफली एकाच वेळी सरावाच्या झिजेत घातल्या जातात. १९३६ साली मोजक्या कारखान्यांवर चालणाऱ्या देशाला हे जड जातं. रणगाडे आणि मोटराइज्ड सरावात असतील तर इंधनही जळतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंधन आल्यापासून जर्मनी आणि जपान खेळताना हा खर्च आधी मांडून ठेवावा लागतो.

तरीही सराव करावाच, कारण त्यातून आर्मी एक्सपी (सैन्याचे अनुभवगुण) मिळतो आणि शांततेच्या काळात टेम्प्लेट बदलायला तोच कामी येतो. प्रश्न फक्त कुणाकडून करवून घ्यायचा हा. सगळं सैन्य एकदम सरावाला लावणं ही सगळ्यात महागडी पद्धत. त्यापेक्षा हे करून बघा. साध्या पायदळाच्या टेम्प्लेटची एक प्रत काढा, तिला वेगळं नाव द्या आणि तिचा दर्जा, म्हणजे माल मिळण्याचा क्रम, ‘रिझर्व्ह’ ठेवा. मूळ टेम्प्लेट ‘रेग्युलर’ राहू द्या (हा दर्जा, अनुभवाची पायरी नव्हे), रणगाड्यांचं ‘एलिट’ करा. सराव करणारी आर्मी या प्रतीवर चालवा. माल कमी पडला तर तुटवडा सराव करणाऱ्यांच्या वाट्याला जातो आणि सीमेवरच्या डिव्हिजन भरलेल्या राहतात. एक आर्मी अनुभवाने रेग्युलर झाली की बटण बंद करून तिला मूळ टेम्प्लेटवर आणायचं आणि पुढची आर्मी सरावाला घ्यायची. दर महिन्याला लॉजिस्टिक्सचं पान उघडून रायफलींची शिल्लक वाढते आहे की घटते आहे एवढं पाहिलं तरी पुरे. घटत असेल तर सराव थांबवा. तेवढ्याने जग बुडत नाही.

इथे एक सापळा आहे. सराव करणाऱ्या डिव्हिजनची ऑर्ग खाली आलेली असते. युद्ध उद्या जाहीर होणार आणि सीमेवरची आर्मी अजून सरावात, म्हणजे शत्रूच्या पहिल्या धक्क्याला तुमच्या हिरव्या पट्ट्या अर्ध्यासुद्धा भरलेल्या नसणार. पोलंड किंवा फ्रान्स खेळताना तारीख साधारण ठाऊक असते, तेव्हा दोन-तीन आठवडे आधी सराव बंद करावा. ऑर्ग भरते आणि खंदकही खोदले जातात. एंट्रेंचमेंटची, म्हणजे खंदकांची, मूळ कमाल ५ टप्पे आहे, प्रत्येक टप्प्याचा फायदा २ टक्के. इंजिनिअर कंपनी असेल तर त्याहून वर. डिव्हिजन हलली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

लढाई सुरू झाल्यावरचा भाग जास्त रंजक, आणि बहुतेक जण इथेच हरतात. व्हेटरन डिव्हिजन कायमची व्हेटरन राहत नाही. लढाईत माणसं पडतात, त्यांच्या जागी कोरे रंगरूट येतात आणि अनुभवाची सरासरी खाली येते. हे पातळ होणं पडद्यावर ठळक दिसत नाही. दोन महिने सतत हल्ल्यात ठेवलेली डिव्हिजन सीझन्डवरून रेग्युलरवर घसरते आणि खेळाडूला वाटतं शत्रू बळकट झाला. फील्ड हॉस्पिटल नावाची सपोर्ट कंपनी यासाठीच आहे: जखमींपैकी काही जण परत मिळतात आणि अनुभवाची गळती कमी होते. सगळ्या पायदळाला ती लावणं परवडत नाही. रणगाड्यांच्या आणि डोंगरी डिव्हिजनांना लावावी, जिथे एकेका डिव्हिजनवर खूप खर्च झालेला असतो. मेंटेनन्स कंपनी वेगळं काम करते: ती यंत्रांची रिलायबिलिटी वाढवते, म्हणजे झीज कमी होते, सरावातही आणि चिखलातही.

अनुभव वाचवायचा खरा मार्ग म्हणजे स्ट्रेंग्थ ढासळण्याआधी डिव्हिजन बाजूला घेणं. अदलाबदलीची रीत अशी. आघाडीच्या मागे एक-दोन प्रांत (नकाशावरचे छोटे तुकडे) सोडून दुसऱ्या आर्मीला फॉलबॅक रेघ, म्हणजे मागे उभं राहायची रेघ, आखून द्या. ऑर्ग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आली की आधी ताजी डिव्हिजन त्याच प्रांतात आणून उभी करा, आणि ती पोचल्यावरच दमलेली मागे पाठवा. क्रम उलटा झाला तर प्रांत काही तास मोकळा पडतो आणि तेवढ्यात शत्रू आत घुसतो. मागे पाठवताना स्ट्रॅटेजिक रीडिप्लॉयमेंट वापरू नका. रेल्वेने डिव्हिजन लवकर पोचते, पण तिची ऑर्ग पार उतरलेली असते, म्हणजे विश्रांतीला पाठवलेली डिव्हिजन आणखी दमून उतरते. ते साधन मागच्या मागे, आघाडीपासून लांब सैन्य हलवण्यासाठी. आणि पूर्ण मागे हटलेल्या, ऑर्ग शून्य असलेल्या डिव्हिजनच्या मागोमाग शत्रू पोचला तर ती डिव्हिजन जागीच संपते. माणसं, बंदुका, अनुभव, सगळं जातं.

विश्रांतीचे दिवस वाया जात नाहीत, हे खेळाच्या रचनेतलं मला सगळ्यात आवडलेलं अंग. हल्ल्याची रेघ आखून ठेवली आणि डिव्हिजन आघाडीवर आपापल्या जागी उभ्या असल्या की प्लॅनिंग बोनस (तयारीमुळे हल्ल्याला मिळणारी जोड) रोज २ टक्क्यांनी वाढतो, मूळ कमाल ३० टक्के. म्हणजे १५ दिवसांत तो पूर्ण होतो. तेवढ्यात पायदळाची ऑर्ग चांगल्या पुरवठ्यात भरून निघते. म्हणून सलग रेटण्यापेक्षा दहा-बारा दिवसांचा हल्ला, मग दोन आठवड्यांचा थांबा, मग पुढचा हल्ला अशी लय ठेवावी. ग्रँड बॅटलप्लॅन डॉक्ट्रिन घेतलं तर थांबण्याचा फायदा आणखी वाढतो. घाई असलेल्या माणसाने ते घेऊ नये.

बॅटल प्लॅन चालवतानाही, म्हणजे आखलेल्या रेघांवर संगणकाकडून हल्ला करवतानाही, लक्ष हवं. रेटण्याच्या तीन पद्धती आहेत: केअरफुल, बॅलन्स्ड आणि रश. रशवर ठेवलं की संगणक दमलेल्या डिव्हिजनांनाही पुन्हा पुन्हा हल्ल्यात ढकलतो. तोफखाना भरपूर असेल तरी केअरफुल हाच रोजचा पर्याय. दुसरी तक्रार अशी की आघाडीची लांबी बदलली की संगणक डिव्हिजन इकडून तिकडे सरकवत बसतो. त्यात खंदक जातो, ऑर्गची भरती मंदावते, आणि फायदा कुणालाच होत नाही. ज्या भागात हल्ला करायचा नाही तिथे आघाडी न आखता डिव्हिजन हाताने उभ्या कराव्यात. कंटाळवाणं आहे, पण खंदक तरी शाबूत राहतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पुरवठ्याची व्यवस्था बदलल्यावर विश्रांतीची जागा निवडणं हे वेगळंच काम झालं. पुरवठा आता सप्लाय हबमधून (पुरवठ्याच्या केंद्रातून) येतो, हबला रेल्वे लागते, आणि रेल्वेच्या १ ते ५ पातळ्या असतात. हबपासून लांबच्या दलदलीत थांबलेल्या डिव्हिजनची ऑर्ग रखडत भरते आणि झिजेने स्ट्रेंग्थ उतरत जाते. रशियात थंडीत तर बसून राहिलेलं सैन्यही झिजतं. त्यामुळे मिन्स्क-स्मोलेन्स्क पट्ट्यात आधी रेल्वेची पातळी वाढवावी, हबला ट्रक जोडावेत आणि मगच दमलेल्या आर्म्या हबच्या आसपास पसराव्यात. एकाच हबवर तीन आर्म्या गोळा केल्या तर तिघीही उपाशी राहतात. सराव करणाऱ्यांनाही हाच नियम, म्हणून एक्सरसाइज नेहमी राजधानीजवळ किंवा भरपूर पुरवठ्याच्या प्रदेशात करावी.

भारतीय खेळाडूचा हात कधी ना कधी ब्रिटिश राजवर जातोच. तिथे वरचे बरेचसे सल्ले उलटे करावे लागतात. माणसं दिसायला अमाप, पण कारखाने इतके कमी की रायफलच कायम तोकडी. राज खेळताना २४ डिव्हिजनच्या आर्मीला सराव लावणं म्हणजे कोठाराला भोक पाडणं. पाच-सहा डिव्हिजन निवडाव्यात, त्यांनाच रेग्युलर करावं आणि बर्माच्या सीमेवर पाठवावं. बाकीच्या ट्रेन्ड राहिल्या तरी बंदरं आणि खिंडी राखायला पुरतात. आसाम-बर्माच्या जंगलात पुरवठा मुळातच तुटपुंजा, त्यामुळे तिथे पुढे कमी डिव्हिजन आणि मागे बदलीसाठी तेवढ्याच, हे प्रमाण चांगलं चालतं.

हवाई दल आणि आरमार यांचं थोडक्यात. विमानांच्या विंगला (तुकडीला) सराव देता येतो, पण अपघातात विमानं जातात आणि इंधनही जळतं. लढाऊ विमानांना तो द्यावा, वाहतुकीच्या विमानांवर खर्च करू नये. आरमाराच्या सरावाला सगळ्यात जास्त इंधन लागतं आणि जहाजांचं नुकसानही होतं. ताफा आळीपाळीने पाठवावा, दुरुस्तीची आपोआप परतण्याची सोय चालू ठेवावी, आणि टाक्या अर्ध्यावर आल्या की जहाजं बंदरात आणावीत. युद्धाच्या तोंडावर बॅटलशिप गोदीत अडकलेली असेल तर मिळवलेला नेव्हल एक्सपी काहीच कामाचा नाही.

रणगाडे स्वतः डिझाइन करणाऱ्यांनी रिलायबिलिटीचा आकडा तोफ आणि चिलखताइतकाच गंभीरपणे घ्यावा. जाड चिलखत आणि मोठी तोफ लादून तो फार खाली नेला, तर असे रणगाडे शत्रूला भेटण्याआधी सरावाच्या मैदानातच निम्मे संपतात, आणि भरपाईला जाणारे कारखाने नवी डिव्हिजन कधीच उभी करू देत नाहीत. आकडा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. त्यासाठी तोफ एक पायरी लहान घ्यावी लागली तरी चालेल.