झाकणाचा लिटर बॉक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या झाकणाच्या लिटर बॉक्सविषयी, म्हणजे मांजराला घरात लघवी-शौचासाठी ठेवायच्या, वाळूसारखे लिटर भरलेल्या पेटीविषयी हा अभिप्राय आहे. पहिल्या तीन महिन्यांतच तो लिहिला असता, तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते आणि वाचणाऱ्यांची दिशाभूल केली असती. चौथ्या महिन्यात आमचा सात वर्षांचा बोका भुऱ्या बॉक्सच्या बाहेर लघवी करू लागला. त्याचे कारण शोधताना जे कळले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की लिटर बॉक्सची पारख माणसाच्या नाकाने करू नये. मांजराला तो किती सोयीचा आहे आणि मांजराच्या लघवीवर आपली नजर राहील अशी त्याची रचना आहे की नाही, या दोन कसोट्यांवर ती करावी. या बॉक्सने पहिल्या कसोटीवर निराशा केली आणि दुसऱ्या कसोटीवर त्याहून अधिक.

वस्तू म्हणून तो नेटका आहे. जाड प्लास्टिकचा तळ, त्यावर चार खटक्यांनी बसणारे घुमटासारखे झाकण, समोर आत-बाहेर हलणारी झडप आणि झाकणाच्या माथ्याला कोळशाचा फिल्टर अशी त्याची रचना आहे. खटके इतक्या वापरानंतरही ढिले झालेले नाहीत, तळाला ओरखडे कमी पडतात, झाकण आणि तळ यांच्या सांध्यातून एकदाही गळती झाली नाही आणि धुतल्यावर प्लास्टिकला वास राहत नाही. भुऱ्याला जोरात उकरण्याची सवय आहे. पूर्वी खोलीभर पसरणारे लिटर या बॉक्सने जवळजवळ पूर्ण थांबवले. वास बाहेर येणार नाही, हा विक्रेत्याचा दावा तर शब्दशः खरा ठरला. शेजारी बसूनही काही जाणवत नसे.

मापांविषयी मात्र तक्रार आहे. खोक्यावर केवळ बाहेरचे माप छापलेले आहे, लांबी 52 आणि रुंदी 39 सेंटिमीटर. तळाच्या भिंती आत उतरत्या असल्यामुळे मांजराला प्रत्यक्ष उभे राहायला मिळणारी जागा मी मोजली तेव्हा ती 43 बाय 31 सेंटिमीटरच भरली. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या किमान दीडपट बॉक्स असावा, असे पशुवैद्य सांगतात. भुऱ्याची ही लांबी 44 सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याला 66 सेंटिमीटरांची जागा हवी होती. या बॉक्समध्ये तो मागे वळू शकत होता, परंतु वळल्यावर उकरण्यासाठी कोरडी जागा उरत नव्हती. शिवाय प्रवेशाचा उंबरठा जमिनीपासून 17 सेंटिमीटर उंच आहे. धडधाकट मांजराला तो जाणवणार नाही. सांधे दुखणाऱ्या वयस्क मांजराला तेवढा उंबरठा ओलांडणे हीच रोजची शिक्षा होईल, आणि असे मांजर शेवटी उंबरठ्याच्या अलीकडेच बसते.

आता मूळ प्रसंगाकडे येते. पहिल्यांदा न्हाणीघरासमोरचे पायपुसणे ओले आढळले, दोन दिवसांनी धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग, आणि त्यानंतर पलंगावरची दुलई. त्याच सुमारास आम्ही चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो होतो, त्यामुळे भुऱ्याने राग काढला असाच घरात सर्वांचा निष्कर्ष निघाला. हा समज घरोघरी रुजलेला आहे आणि त्यापायी कितीतरी आजारी मांजरे ओरडा आणि मार खातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. ज्या जागी लघवी करताना दुखले त्या जागेचीच त्याला भीती बसते, म्हणून ते दुसरी, मऊ आणि ओल शोषून घेणारी जागा शोधते. मांजराच्या दृष्टीने पायपुसणे, कपडे आणि दुलई या तशाच जागा आहेत. त्याला ओरडले किंवा त्याचे नाक त्या ओल्या जागेवर टेकवले, तर त्याला एवढेच कळते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि पुढच्या वेळी ते कपाटामागे जाते.

पशुवैद्यांनी भुऱ्याला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. लघवी भिंतीवर किंवा पडद्यावर होते की जमिनीवर? तो शेपटी ताठ उभारून, ती थरथरवत मागे फवारा सोडतो की खाली बसतो? फवारा असेल, तर तो बहुधा हद्द आखण्याचा प्रकार असतो आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये अधिक दिसतो. नसबंदीनंतर दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांमध्ये तो थांबतो किंवा पुष्कळ कमी होतो. भुऱ्याची नसबंदी लहानपणीच झालेली आहे आणि तो खाली बसूनच लघवी करत होता, इतके मी सांगू शकले. पुढचे प्रश्न असे होते: दिवसातून किती वेळा जातो, लिटरमध्ये होणाऱ्या गुठळ्या बोराएवढ्या असतात की लिंबाएवढ्या, आत किती वेळ बसून राहतो, लघवी करताना कण्हतो का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण हे सारे त्या झाकणाखाली होत होते. वास बाहेर येत नाही म्हणून मी बॉक्स रोज साफ करणे सोडले होते आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढत होते, तेव्हा कोणती गुठळी कोणत्या दिवसाची हे कळायला मार्ग नसे. जो गुण पाहून मी बॉक्स घेतला, त्यानेच माझे लक्ष उडवले.

या प्रश्नांना एवढे महत्त्व का, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. लहान लहान गुठळ्या वाढल्या, तर मूत्राशयाच्या दाहाची शंका घ्यायची. गुठळ्या मोठ्या झाल्या आणि मांजर पाणीही जास्त पिऊ लागले, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा थायरॉइडचा अतिस्राव यांच्या तपासण्या करायच्या. आणि मांजर पुन्हापुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसते, जोर करते, पण लिटर कोरडेच राहते, असे दिसले तर क्षणभरही थांबायचे नाही. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे त्यात बारीक खडा किंवा चिकट बोळा अडकू शकतो; लघवी पूर्ण तुंबली की रक्तातील पोटॅशियम वाढत जाऊन एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अनेकांना हे दृश्य बद्धकोष्ठासारखे वाटते आणि ते सकाळपर्यंत वाट पाहतात. रात्र असली तरी अशा बोक्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. झाकणाच्या बॉक्समध्ये हे दृश्य मुळात दिसतच नाही, आणि या एका कारणासाठी माझा सर्वांत मोठा आक्षेप झाकणावर आहे.

भुऱ्याच्या लघवीत रक्त सापडले, जंतू सापडले नाहीत. सोनोग्राफीत खडाही नव्हता. निदान झाले ते इडिओपॅथिक सिस्टायटिसचे, म्हणजे नेमके कारण हाती न लागणाऱ्या मूत्राशयाच्या दाहाचे. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांच्या लघवीच्या तक्रारींमागे निम्म्याहून अधिक वेळा हाच विकार असतो, तर जंतुसंसर्ग त्या वयात तुलनेने विरळा असतो आणि उतारवयात वाढतो. म्हणून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके देण्यात अर्थ नाही. या विकाराचा ताणाशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी सहकाऱ्यांसह त्यावर दीर्घकाळ काम केले आणि लपायच्या जागा, खेळ, पाणी, बॉक्स अशा घरातल्या गोष्टी सुधारल्या की त्रास कमी होतो, हे त्यांच्या 2006 मधील अभ्यासात दिसून आले. भुऱ्याला वेदनाशामक औषध मिळाले, कोरड्या खाण्याच्या जोडीला ओले खाणे सुरू झाले, पाण्याची भांडी वाढली, आणि शेवटची सूचना बॉक्सविषयी होती.

त्या सूचनेनुसार मी बॉक्सचा एकेक भाग काढत गेले आणि रोजची नोंद ठेवली. आधी केवळ झडप काढली. बाहेर होणारी लघवी कमी झाली, थांबली नाही. आठवड्याने झाकण काढले, तेव्हा भुऱ्या पहिल्यांदाच पुरा मागे वळून, दोन-तीन ठिकाणी उकरून मग बसताना दिसला. त्यानंतर कपडे ठेवण्याचा 70 सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा डबा घेतला, त्याच्या एका बाजूची भिंत 10 सेंटिमीटर उंचीपर्यंत कापली, कडा घासून गुळगुळीत केली आणि त्यात साधारण 5 सेंटिमीटर लिटर भरून तो जुन्या बॉक्सशेजारी ठेवला. दोन आठवड्यांच्या नोंदीत जुन्या बॉक्सच्या वाट्याला जेमतेम चार-पाच खेपा आल्या. या काळात औषधेही चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय डब्याला देणे योग्य होणार नाही. परंतु दोन्ही बॉक्स समोर असताना त्याने कोणता निवडला, हा पुरावा मी दुर्लक्षित करू शकत नाही.

झाकण सर्व मांजरांना नकोसे असते, असे मात्र मी म्हणणार नाही. 2013 मध्ये 27 मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात, दोन्ही बॉक्स रोज स्वच्छ ठेवल्यावर, बहुतेक मांजरांनी झाकणाचा आणि उघडा असा फरक केला नाही. ज्या थोड्या मांजरांनी निवड केली, त्यांत दोन्ही बाजूंची होती. बुजऱ्या मांजराला आडोसा आवडूही शकतो. त्याच वेळी, घरात दुसरे दांडगे मांजर असेल, तर एकच वाट असलेल्या झाकणाच्या बॉक्समध्ये बसलेले मांजर कोंडीत सापडते. एकाहून अधिक मांजरे असतील तिथे मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त असावा, तेही वेगवेगळ्या खोल्यांत; एका रांगेत मांडलेले तीन बॉक्स मांजराच्या लेखी एकच जागा ठरते.

बॉक्सबरोबर सुगंधी लिटरची पिशवी भेट म्हणून आली होती. ती वापरू नये. पाळीव मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले रानमांजर आहे. त्याच्या वंशजाला बारीक, वाळूसारखे, बिनवासाचे लिटरच बहुधा भावते. मला बेंटोनाइट मातीचे लिटर सर्वांत पसंत पडले, ते मुख्यतः एका कारणासाठी: त्यात लघवीच्या घट्ट गुठळ्या होतात आणि त्या मोजता येतात.

त्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या एन्झाइमयुक्त स्वच्छताद्रवाचे मात्र कौतुक केले पाहिजे. मांजराच्या लघवीतील वासाचे घटक साबण-पाण्याने पूर्ण निघत नाहीत, म्हणून साबणाने पुसलेली जागा आपल्याला स्वच्छ वाटली तरी हवा दमट झाली की पुन्हा वास मारते, आणि मांजराला ती जागा खुणावत राहते. एन्झाइम ते मोडतात, पण त्यांना वेळ लागतो. पहिल्यांदा मी फवारून लगेच पुसले आणि उत्पादन निकामी आहे असे समजले; दुसऱ्यांदा दुलईचा तो भाग कापसाच्या थरापर्यंत भिजवला, ओल्या फडक्याने झाकला, रात्रभर तसाच ठेवला आणि वास गेला. अमोनिया असलेली द्रावणे या कामी टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीशी जुळतो. ब्लीच तर लघवीवर कधीच ओतू नये, त्यातून विषारी वायू निघतात. या द्रवाला माझे पाचपैकी साडेचार तारे.

बॉक्सला दोन. ते दोन्ही तळाच्या मजबुतीसाठी आहेत. लहान चणीचे मांजर असेल, झडप काढून वापरायची तयारी असेल आणि दररोज झाकण उचलून साफसफाई करण्याची शिस्त असेल, तर हा बॉक्स घेण्यास हरकत नाही. मोठ्या मांजरासाठी, म्हाताऱ्या मांजरासाठी आणि लघवीचा त्रास होऊन गेलेल्या कोणत्याही बोक्यासाठी तो घेऊ नये. खोक्यावर आतले माप आणि उंबरठ्याची उंची छापावी, असे मी उत्पादकांना लिहून कळवले आहे. फिल्टरच्या जाहिरातीला दिलेल्या जागेच्या चौथ्या हिश्शात ते सहज मावेल.

आमच्याकडे आता झाकण माळ्यावर आहे आणि तळ दुसऱ्या खोलीत उघडा ठेवलेला आहे. जागा अपुरी असली, तरी रात्री भुऱ्या अधूनमधून तोही वापरतो. आज सकाळी मोठ्या डब्यात दोन गुठळ्या होत्या आणि तळात एक, तिन्ही लिंबाएवढ्या.